पडद्यावर आपलं गाव दिसलं की सिनेमा बघून होतो का तुमचा?

वाईची_वहिनी

नमस्कार मंडळी. आमची वाईत खानावळ आहे, त्यामुळे शूटिंगशी माझं नातं सिनेमाच्या आवडीपेक्षा पोह्यांच्या पातेल्याचं. युनिटचा कॉलटाइम सहाचा असला की त्याआधी नाश्ता वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर उतरलेला पाहिजे. स्पॉटबॉय आल्या आल्या चहा मागतो, जनरेटरवाला गाडी लावायला जागा मागतो. एका प्रोडक्शनचं बिल अजून यायचंय, नाव घेत नाही.

तर परवा घरी 'स्वदेस' परत लावला. २००४ सालचा सिनेमा, दोनतीनदा बघितलेला. पण त्यातलं गाव म्हणजे आमची मेणवली, आणि माझ्या सासूबाई तिथल्याच माहेरवाशीण. नासातला मोहन भार्गव आपल्या कावेरीअम्माला शोधत उत्तर प्रदेशातल्या चरणपूरला येतो, आणि आमच्या घरात "अगं थांबव, थांबव" सुरू. त्या पायरीवर कोण धुणं धुवायचं, वाड्याच्या त्या बाजूला आधी काय होतं, कुणाची म्हैस तिथं पाण्यात बसायची. मोहन पाण्यावर वीज तयार करतोय, अख्खं गाव दिवा लागायची वाट बघतंय, आणि सासूबाई म्हणतात, "हा दिवा पेटेल गं, पण नाना फडणवीसांच्या वाड्याला एवढं चुन्याचं पाणी कुणी दिलं?"

मी हसले खरी, पण माझंही तेच होतं. प्रकाश झांनी 'मृत्युदंड' (१९९७) आणि 'गंगाजल' (२००३) मध्ये वाईचा बिहार केला. 'दबंग' (२०१०) मध्ये आम्ही उत्तर प्रदेशात गेलो, 'चेन्नई एक्सप्रेस' (२०१३) मध्ये थेट तमिळनाडूत. शूटिंगच्या दिवसांत साताऱ्याच्या एमएच ११ च्या जीपांवर दुसऱ्याच राज्याची पाटी चढते आणि आमचा रोजचा दूधवाला त्याच जीपला टेकून बिडी ओढत असतो. इमानदार गुन्हेगार, बेइमान दरोगा सगळं पटतं हो मला. पण गंगेच्या मैदानात मागे सपाट माथ्याचा डोंगर उभा दिसला की माझं लक्ष उडतं. असा कातळ बिहारच्या सपाटीवर कुठून येणार? तो पांडवगडाच्या जातीचा, आमच्याच घरचा.

बरं, यात तक्रार नाही. चार पैसे येतात, पोरांना गर्दीत उभं राहायला मिळतं. आणि मेणवलीलासुद्धा परक्या वस्तूंची सवय आहेच. घाटावरच्या देवळात टांगलेली भली मोठी घंटा वसईच्या स्वारीतून आणलेली, पोर्तुगीजांच्या चर्चमधली, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. शंकराच्या दारात ती बिनतक्रार वाजते.

पण विचारायचं ते हे. एक म्हणजे, ओळखीची जागा पडद्यावर आली की तुमच्या डोक्यात गोष्ट शिरते का? आणि दुसरं, सातारा-सांगली दुसऱ्या कुणाचा सदरा न घालता, स्वतः म्हणून आलेत असा कुठला सिनेमा, कुठली मालिका? नुसती नावं टाकू नका, का ते लिहा. आमचे हे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून रिटायर झालेत, संध्याकाळी काहीतरी चांगलं दाखवायला पाहिजे त्यांना.


सांगली_स्टँड

वहिनी, आम्हा सांगलीकरांना हा त्रासच नाही. शूटिंगवाले तुमच्याकडे थांबतात आणि आमच्याकडे फक्त भडंग घ्यायला येतात. आम्ही आपले १८४३ चं 'सीता स्वयंवर' आणि विष्णुदास भावे यांच्यावर तीन पिढ्या काढल्या.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर 'सामना'. दिग्दर्शन जब्बार पटेल, पटकथा विजय तेंडुलकरांची. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेत होता. यात गाव कुठलं ते विचारूच नका, कारण उसाच्या पट्ट्यात कारखान्याचा भोंगा जिथवर ऐकू येतो तिथवर सगळं तेच गाव. हिंदुराव धोंडे पाटील रस्त्यावरच्या एका दारुड्या मास्तरला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, आपलं साम्राज्य दाखवतो. आणि मास्तर सारखा एकच विचारतो, मारुती कांबळेचं काय झालं?

हिंदुराव झालेल्या निळूभाऊ फुल्यांनी पुढे शंभर पाटील केले असतील, त्यांची नक्कल गल्लीतलं प्रत्येक पोरगं करतं. पण यातला हिंदुराव ओरडत नाही. तो पाहुणचार करतो. आमच्या आजोबांचा कारखान्यात शेअर होता. चेअरमनची गाडी वाड्यासमोर थांबली की आजोबा आधी टोपी नीट करायचे, मग चपला शोधायचे. चेअरमन बसायचे, आजीच्या हातच्या चहाचं कौतुक करायचे, मुलांची नावं लक्षात ठेवून विचारायचे. ते उठून गेल्यावर कळायचं की आपण कशाला तरी हो म्हणून बसलोय. ते गोड बोलणं मी फक्त या एका सिनेमात बघितलं. समोर मास्तरच्या कामात डॉक्टर श्रीराम लागू, आणि ते तर जन्माने साताऱ्याचे. म्हणजे तुमच्या यादीत धरायला हरकत नसावी.

काट्यावरच्या माणसाला हा दाखवाच. रागावले तर आम्हाला सांगा.


माणदेशी_आटपाडी

वाईकरांचं एक बरं आहे, त्यांना नदी आहे. आमच्याकडं दुष्काळ बघायला कॅमेरा येतो, तोही बातम्यांचा.

पण वहिनी, तुमच्या उलटी गोष्ट सांगतो. तुमची जागा गेली आणि गोष्ट दुसऱ्याची आली. आमची गोष्ट गेली आणि नाव राहिलं मागं. 'दो आँखें बारह हाथ', १९५७, व्ही. शांताराम. सहा खुनी कैदी आणि एक जेलर, बिनभिंतीचं माळरान, तिथं शेती करून माणसं सुधारतात. बर्लिनला रौप्य अस्वल मिळालं. बैलाच्या प्रसंगात अण्णांच्या, म्हणजे शांतारामांच्या, डोळ्याला दुखापत झाली, हे सगळ्यांना पाठ. पण हे मुळात घडलं कुठं, असं विचारलं की चांगली चांगली माणसं गप्प होतात.

ते घडलं आमच्या आटपाडीजवळ, स्वतंत्रपूरला. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींच्या काळात १९३९ साली ही खुली वसाहत सुरू झाली. कैदी बायकापोरांसकट राहायचे, शेत कसायचे, आठवड्याच्या बाजाराला जायचे. आणि सिनेमा लिहिला कुणी, तर गदिमांनी. शेटफळ्याचे. आमच्याच तालुक्यातले. मग तो माळ त्यांना कुणी समजावून सांगायची गरज होती का?

मला त्यातला प्रार्थनेपेक्षा भाजीबाजाराचा भाग आवडतो. कैदी वाजवी भावात भाजी विकायला बसतात आणि व्यापाऱ्यांचं पित्त खवळतं. आमच्या बाजारात शेतकरी स्वतः डाळिंबाचं क्रेट उघडून रस्त्याकडेला बसला की आजही चार जण येऊन विचारतात, "इथं कुणाला विचारून बसला?" त्यामुळं तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: जागा ओळखीची असली की लक्ष उडत असंल, पण माणसं ओळखीची निघाली की हलता येत नाही.


रीळवाला_काका

पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तंबूतला सिनेमा बघत मोठा झालो, म्हणून दोन शब्द. रीळ बदलताना तंबूत अंधार, शिट्ट्या, आणि मधली कनात वर करून बायकांच्या बाजूला डोकावणारी टारगट पोरं. तिकीट परवडलं नाही तर गणपतीतला फुकटचा सिनेमा. रस्त्यात दोन बांबू, मधे धोतराएवढा पांढरा कपडा. समोर जागा नसली की आम्ही कपड्याच्या मागच्या बाजूला बसायचो. मागून चित्र तसंच दिसतं, फक्त उलटं. नावं उलटी येतात. भालजी पेंढारकरांच्या सिनेमातले सगळे मावळे आमच्यासाठी डावखुरे होते. मला बरीच वर्षं वाटायचं की तलवार डाव्या हातानंच चालवतात.

'स्वदेस'मध्ये हेच आहे बघा. गावात सिनेमा लागतो, कपड्याच्या एका बाजूला एक जातीची माणसं, दुसऱ्या बाजूला दुसरी. वीज जाते, मोहन तारे दाखवत गाणं म्हणतो आणि तो कपडा काढतो. शहरातल्या मित्रांना हे दिग्दर्शकानं रचलेलं वाटलं. आम्हाला नाही वाटलं. मागे बसणारे सगळेच उशिरा आलेले नसायचे. काही जण वेळेवर येऊनही मागेच बसायचे, आणि त्यांना कुणी पुढं या म्हणायचं नाही. मीही नाही म्हटलं, कारण तेव्हा ते दिसतच नव्हतं. चाळिशीत सिनेमा बघताना दिसलं.

म्हणून चरणपूर उत्तर प्रदेशातलं म्हणा नाहीतर खटावातलं, मला फरक पडला नाही.

जाता जाता, मोहन भार्गवची ही गोष्ट आधी टीव्हीवर येऊन गेलीय. नव्वदच्या दशकात झी टीव्हीवरच्या एका प्रेमकथांच्या मालिकेत 'वापसी' नावानं, आणि मोहनचं काम खुद्द आशुतोष गोवारीकरांनी केलं होतं.


फौजीची_मालकीण

मी सातारा तालुक्यातली, अपशिंगे मिलिटरीकडची. आमच्याकडं घरटी एक फौजी असतो, त्यामुळं फौजीवरची मालिका 'लागिरं झालं जी' लागली तेव्हा (२०१७) अख्खी आळी एका घरात बसायची. अज्याचं काम करणारा नितीश चव्हाण साताऱ्याचाच. पहिल्यांदा मालिकेतली माणसं आमच्यासारखी बोलली. त्याआधी मालिकेत "गावाकडचं" म्हणजे डोक्यावर मुंडासं आणि तोंडात विदूषकाचे हेल.

पण खरं सांगते, शेवटी शेवटी मालिका लांबली तशी बाकीच्यांसारखीच झाली. कट, कारस्थानं, दारामागून ऐकणं. मला जे हवं होतं ते सुरुवातीला थोडं दिसलं आणि मग गेलं. ते म्हणजे भरतीची धास्ती. पहाटे चारला पोरं रस्त्यावर पळतात, आया उठून दूध तापवतात, छाती एक सेंटीमीटर कमी भरली म्हणून परत आलेला पोरगा आठ दिवस पारावर येत नाही. आणि फौजी सुट्टीवर आला की पहिले दोन दिवस त्याला घरात कुठं बसायचं ते कळत नाही. त्याची खुर्ची तोवर कुणीतरी घेतलेली असते. यावर एक अख्खा भाग झाला असता.


वाईची_वहिनी

सगळ्यांचे मनापासून आभार. 'सामना' दाखवला. हे रागावले नाहीत, मधेच उठून गेले. मला वाटलं कंटाळले. तर कपाटातून जुन्या वजनाच्या पावत्या काढून आणल्या आणि रात्री साडेअकरापर्यंत मला सांगत बसले की कुणाचा ट्रॅक्टर रांगेत न थांबता काट्यावर यायचा आणि कुणाचा ऊस दोन दिवस उन्हात वाळून हलका व्हायचा. इतक्या वर्षांत हे बोलले नव्हते. नावं मीही इथं घालत नाही.

काका, मागून सिनेमा बघायचं ऐकून सासूबाई म्हणाल्या, आम्ही बायका कायम मागेच होतो, आम्हाला सरळ सिनेमा माहीतच नव्हता.

माणदेशी दादा, 'दो आँखें' या रविवारी. आणि फौजीताई, तुमचे मालक सुट्टीवर आले की बघायचे का ती मालिका?


फौजीची_मालकीण

बघायचे की. पण गोष्ट नाही बघायचे, पाय बघायचे. परेडचा प्रसंग आला की जेवण थांबवून टीव्हीच्या जवळ जायचे आणि म्हणायचे, "हे बूट कधी पळालेले नाहीत."