वेळ सहाची, नंबर आठला

वेळ देऊनही डॉक्टर रुग्णांना मुद्दाम ताटकळत ठेवतात, हे काही जणांचे मत मला सरसकट पटत नाही. पुण्यात आम्ही जातो त्या दवाखान्यात संध्याकाळी सहाची वेळ चार-पाच जणांना एकदमच दिलेली असते, कारण काही जण न कळवता येतच नाहीत; त्यात डॉक्टरांची दुसऱ्या रुग्णालयातली शस्त्रक्रिया लांबली, की स्वागतकक्षातून ‘डॉक्टर निघालेत’ एवढेच ऐकू येत राहते. (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी मात्र मधूनच आत जाऊन येतात!) २०२२ पासून अनेक सरकारी रुग्णालयांत क्यूआर कोड स्कॅन करून आभा (सरकारी डिजिटल आरोग्य ओळख) खात्यातली माहिती पाठवली, की नोंदणीचे टोकन मिळते, पण त्याने केसपेपरची रांग घटते, तपासणीची नव्हे. उशीर होणार असल्यास दवाखान्याने तासभर आधी फोन करावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.