जीनखालच्या त्या घडीला मराठीत काय म्हणायचं? (आणि खोगीर नक्की कुठं असतं?)

भाची यंदा घोडेस्वारीच्या क्लासला जायला लागलीय. पहिल्याच दिवशी सामानाची यादी हातात, हेल्मेट, बूट वगैरे आणि त्यात एक ‘नम्ना’. हे काय प्रकरण म्हणून विचारलं तर म्हणे अगं मावशी, सॅडलच्या खाली घालतात ना ती जाडसर घडी, घाम शोषायला. आमचे नाना पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, म्हणजे खोगीर. भाची म्हणे छे, खोगीर म्हणजे सॅडल, सगळ्यांना माहितीय. झालं, दोघांची जुंपली, चहा गार झाला आणि मी इथं आलेय. खोगीर वरचं की खालचं? आणि वरचं असेल तर खालच्याला आपल्याकडं शब्द काय?

----

नानांना माझा नमस्कार सांगा. आज रूढ अर्थ बघितला तर भाची बरोबर, पण मुळात नाना बरोबर. खोगीर आलं फारसीतून. ‘खोय’ म्हणजे घाम आणि ‘गीर’ म्हणजे धरणारा, घेणारा. घाम टिपून घेणारं ते खोगीर, म्हणजे शब्द जन्मला तोच मुळी त्या खालच्या घडीसाठी. पुढं ती घडी आणि वरची कापडी बैठक एकत्र शिवून, आत लोकर नाहीतर चिंध्या नाहीतर काथ्या भरून एकच जाड गादी व्हायला लागली, आणि नाव सगळ्या गादीलाच चिकटलं. चामड्याच्या कडक बैठकीला जीन शब्द होताच, त्यावरून जिनगर.

गंमत म्हणजे हिंदी-उर्दूत याच वस्तूला ‘अरकगीर’ असाही शब्द आहे आणि तिथं अरक म्हणजे अरबीतला घाम. आपण ओव्याचा अर्क म्हणतो तो हाच शब्द, भांड्याच्या झाकणाला धरलेला घामच तो, थेंब थेंब ठिबकणारा. (आणि ‘काय अर्क आहे हा माणूस’ म्हणतो तेव्हाही.)

----

गीरवरून आठवलं, हे कुटुंब बरंच मोठं आहे. जहागीर म्हणजे जागा धरणं, मुलूखगिरी म्हणजे मुलूख घेणं, दिलगीर म्हणजे ज्याचं मन कशानं तरी धरलंय तो. पण माझा आवडता आहे बारगीर. बार म्हणजे भार, ओझं. भार घेणारा म्हणजे कोण, तर घोडं! आणि मराठी फौजेत बारगीर कुणाला म्हणायचे, तर सरकारी घोड्यावर बसणाऱ्या स्वाराला, स्वतःचं घोडं घेऊन येणारा तो शिलेदार. म्हणजे ओझं वाहणाऱ्याचं नाव ओझ्यालाच मिळालं. खोगिराचं तेच झालं बघा, पाठीवरची घडी एक मजला वर चढून बैठक झाली. आणि बारगीर तिथंच थांबला नाही, १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर गेल्या तेव्हा तिकडं त्याचा ‘बर्गी’ झाला, अजून तिथल्या आया पोरांना झोपवताना अंगाईत त्याचं नाव घेतात. आपल्याला अभिमान वाटावा असं त्यात काही नाही, पण शब्द किती लांब गेला ते बघा.

----

ताई, पुस्तकातलं मला ठाऊक नाही, आमच्या वाड्यावर घोडी असायची, म्हणजे मेंढरांमागं फिरताना बिऱ्हाड लादायला, भांडीकुंडी, कोकरं, कधी वर एखादं पोरगं. तिच्या पाठीवर सगळ्यात खाली जुनं घोंगडं, चार घड्या घालून. त्याला वेगळं नाव नव्हतं, घोंगड्याची घडी एवढंच. पण ती घालायची रीत होती. आधी पाठीवरनं तळवा फिरवायचा, एखादं कुसळ राहिलं तरी संध्याकाळपर्यंत घोडीची पाठ लागलीच समजा. मग घडी मुद्दाम मानेकडं पुढं टाकायची आणि मागं ओढत आणायची म्हणजे केस कलानं बसतात, उलट ओढली तर सगळे केस उभे राहतात. खाली एक सुद्धा सुरकुती नको. आणि मानेच्या मागं जो उंचवटा असतो तिथं घडी बोटभर वर उचलून ठेवायची, कण्यावर ताणून बसवायची नाही, वारं खेळलं पाहिजे.

ओझं उतरवल्यावर आजा घोंगडं नाही, घोडीची पाठ बघायचा. सगळीकडं सारखी ओली असली तर ठीक, ओल्यात मध्येच रुपयाएवढा कोरडा डाग दिसला की तिथं दाब पडलाय. दाबानं जखम होऊन गेली की तिथले केस पुढं पांढरे येतात ते कायमचे, काळ्या घोड्याच्या पाठीवर पांढरे ठिपके दिसले तर रंग म्हणून कौतुक करू नका.

----

वा! ह्याला म्हणतात माहिती. आता कुणीतरी खोगीरभरतीवर बोला, कारण मला तो शब्द फार अन्यायाचा वाटायला लागलाय. हे वाचून तर कळतंय की घोड्याची पाठ वाचते ती त्या भरतीमुळं, आणि आपण मात्र फालतू माल घुसडला की खोगीरभरती म्हणतो.

----

अन्याय नाही, भरायला काय वापरायचे ते बघा ना! घरात जे कुणाला नको ते, फाटकं लुगडं, जुनी लोकर, गवत. बाहेरून गादी गुबगुबीत, उसवली की बोंब. हिंदीतही ‘खोगीर की भरती’ आहे, अर्थ तोच. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशातही सापडेल. हल्ली मात्र लोकांना त्यातली भरती पोलीस भरतीतली वाटते, त्यामुळं माणसांबद्दलच जास्त वापरतात, समितीत खोगीरभरती, संघात खोगीरभरती. दिवाळी अंकातल्या शेवटच्या चाळीस पानांना म्हटलं तर ते मूळ अर्थाच्या जास्त जवळ, नाही का.

झूल मात्र वेगळी हं, ती वरून शोभेला, पोळ्याच्या बैलावर असते तशी. म्हणून पांघरतात ती विद्वत्तेची झूल, विद्वत्तेचं खोगीर कुणी पांघरत नाही.

----

खाली जीन आणि वर जीनची पँट, असं कुणी म्हणायच्या आधी मीच म्हणतो. आणि नाही, संबंध नाही, कापडवाली जीन इटलीतल्या जिनोआ गावावरून आलीय. 😀

----

मूळ प्रश्नाचं राहिलंच. माझं मत ‘नमदा’ला. नमद म्हणजे फारसीत विणलेलं नव्हे, तर लोकर ओली करून, दाबून, लाटून केलेलं जाड कापड. घोंगडी मागावर विणतात, नमद्याला मागच लागत नाही. आणि भाचीच्या यादीतला तो इंग्रजी ‘नम्ना’ दुसरंतिसरं काही नसून आपला नमदाच आहे, इथल्या छावण्यांत गोऱ्या स्वारांनी उचलला आणि आता क्लासच्या फीसकट परत आलाय.

----

सगळ्यांचे आभार! नानांना वाचून दाखवलं, ‘बारगीर’ला दोनदा थांबवून परत वाचायला लावलं. भाची नमदा म्हणायला तयार आहे, खोगीर म्हणायला नाही. काल ती क्लासवरून तो नमदा घरी घेऊन आली, गॅलरीत वाळत टाकलाय, घामाच्या मिठाचे पांढरे वळ उठलेत आणि अख्ख्या घराला तबेल्याचा वास. आता बाई म्हणतेय वॉशिंग मशीनला लावू. चालतं का?

----

ताई, आधी कडक ब्रशनं केस झाडा, उन्हात झोडपा. तसाच मशीनला लावलात तर पुढचे चार महिने नानांच्या बनियनला घोड्याचे केस.