दुसऱ्या स्विचवर कॅमेऱ्यांचे व्हीलॅन का पोहोचत नाही?

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील आमच्या चादरींच्या कारखान्यात हिशेब विभाग व्हीलॅन (एकाच नेटवर्कचा आभासी, वेगळा भाग) १० वर आणि कॅमेरे व्हीलॅन २० वर आहेत, मागच्या शेडमधील स्विचवर (नेटवर्कची उपकरणे जोडणाऱ्या यंत्रावर) मात्र फक्त १० चालते. दोन्ही स्विच जोडणारे पोर्ट अ‍ॅक्सेस मोडमध्ये आहेत.

उत्तर १ : चूक तेथेच आहे. अ‍ॅक्सेस पोर्ट एकाच व्हीलॅनचा असतो आणि फ्रेम (डेटाचे पाकीट) टॅगविना, म्हणजे व्हीलॅन क्रमांकाच्या खुणेविना, बाहेर सोडतो. म्हणून दोन्ही टोकांचे पोर्ट ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहून नेणारे) करून १० व २० या दोहोंना परवानगी द्यावी, म्हणजे फ्रेमवर ४ बाइटचा टॅग राहील आणि पलीकडचा स्विच तिचे व्हीलॅन ओळखेल.

उत्तर २ : नेटिव्ह व्हीलॅन (ट्रंकवर टॅगविना आलेल्या फ्रेम ज्यात धरल्या जातात ते) दोन्हीकडे एकच ठेवावे. त्याच्या फ्रेम सहसा टॅगविना जातात. क्रमांक जुळला नाही तर त्या भलत्याच व्हीलॅनमध्ये शिरतात, आणि हा दोष शोधण्यात माझा एक अख्खा दिवस गेला आहे.

प्रश्नकर्ता : पोर्ट ट्रंक केले, कॅमेरे दिसू लागले. मनःपूर्वक आभार.