फिरत्या कार डिटेलिंगसाठी प्रेशर वॉशर, टाकी आणि वीज: काय घ्यावं?

नवी व्हॅन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

दोन वर्षं एका डिटेलिंग स्टुडिओत हाताखाली काम केलं. आता स्वतःचं सुरू करतोय. गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन गाडी धुवायची, आतून साफ करायची, हवं असेल तर वॅक्स लावून द्यायचं. छोटी व्हॅन घेतली आहे, मागचा भाग पूर्ण मोकळा आहे.

स्टुडिओत नळ सोडला की पाणी यायचं आणि बटण दाबलं की वीज. आता दोन्ही सोबत न्यायची म्हटल्यावर काय घ्यावं ते ठरेना. गिऱ्हाईक देतीलच असं नाही, आणि निम्म्या गाड्या तळघरातल्या पार्किंगमध्ये असणार. सध्या मनात आहे ते असं: २०० बार दाबाचं पेट्रोल इंजिनवालं प्रेशर वॉशर मशीन आणि ५०० लिटरची टाकी. दिवसाला चार गाड्या धरल्या आहेत. एक मित्र म्हणतो की बॅटरीवरची हातात धरायची गन घे, बाकी काही नको.

पैसा एकदाच घालता येणार आहे. चुकीचं मशीन घेऊन बसायचं नाही, म्हणून विचारतोय.

फेसाळ

२०० बार डोक्यातून काढा. खोक्यावरचा आकडा बहुधा कमाल दाबाचा असतो, काम करतानाचा दाब त्याहून कमी असतो. कारच्या रंगाला ८० ते १२० बार भरपूर झाले. त्याहून जास्त दाब फरशी, भिंती आणि अवजड यंत्रांसाठी.

दाबापेक्षा नोझलकडे लक्ष द्या. २५ किंवा ४० अंशांचं वापरा, ० अंशाचं गाडीजवळ आणूच नका. पत्र्यापासून निदान ३० सेंटिमीटर लांब राहा. जिथे खडा लागून रंगाचा टवका उडालाय तिथे जवळून मारलं, तर पाणी रंगाच्या कडेखाली शिरतं आणि आणखी रंग उचलतं. टायरच्या बाजूच्या भिंतीलाही तेच लागू. दुसऱ्यांदा रंगवलेल्या बंपरवर तर फार जपून.

दुसरा आकडा बघा तो मिनिटाला किती लिटर पाणी सोडतं याचा. धूळ वाहून नेण्याचं काम पाण्याची धार करते. छोट्या विजेच्या मशीनना ६ ते ७ लिटर मिळतात आणि कारला ते पुरतात. एवढ्या प्रवाहाला फोम कॅननमध्ये (गनला लावायची फेसाची बाटली) १.१ मिलिमीटरचं छिद्र घ्या. बऱ्याच कॅननमध्ये १.२५ येतं, आणि लहान मशीनवर त्यातून पातळ, पाण्यासारखा फेस पडतो. लोक शाम्पूला दोष देतात, पण चूक त्या एवढ्याशा पितळी तुकड्याची असते.

टाकीवाला

मी वजनाबद्दल सांगतो, कारण नवीन माणूस नेमका तिथेच फसतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ५०० लिटर म्हणजे अर्धा टन, त्यात टाकी, मशीन, व्हॅक्यूम आणि तुम्ही स्वतः वेगळे. व्हॅनच्या कागदपत्रांवर किती भार लिहिलाय तो बघा आणि त्यातून एकेक वजा करत चला. छोट्या व्हॅनमध्ये ५०० लिटर बसतील असं मला वाटत नाही.

त्यातही भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी टाकी वाईट. पाणी हिंदकळतं आणि वळणावर गाडी ओढली जाते. आत आडवे पडदे असलेली टाकीच घ्या, ती शक्यतो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये बसवा आणि व्हॅनच्या सांगाड्याला बांधा. नुसत्या तळाच्या पत्र्याला स्क्रू मारून भागत नाही. अचानक ब्रेक लागला की सुटलेली टाकी चालकाच्या पाठीवर येते.

खरेदीच्या आधी एक काम करा. अजून स्टुडिओत जाता येत असेल तर घड्याळ घेऊन जा आणि एका गाडीला ट्रिगर *प्रत्यक्ष* किती वेळ दाबलेला राहतो ते मोजा. गाडी धुवायला पाऊण तास लागला तरी धार चालू असते ती मोजकीच मिनिटं. तो आकडा हातात आला की टाकी, वीज, मशीन, सगळं त्यातून निघतं.

तारमास्तर

तळघर म्हणालात म्हणून आधी हे वाचा. पेट्रोल इंजिन बंदिस्त जागेत चालवायचं नाही. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि त्यानं माणूस दगावतो. दार उघडं ठेवून किंवा पंखा लावून हा धोका टळत नाही. जनरेटरलाही हाच नियम. म्हणजे तुमच्या निम्म्या कामाला इंजिन आपोआप बाद झालं.

राहिली वीज. विजेच्या मशीनमध्ये दोन प्रकारच्या मोटर येतात. ब्रशवाली हलकी आणि स्वस्त, पण कर्कश, आणि ब्रश झिजतात. इंडक्शन मोटर जड, पण आवाज कमी आणि रोजच्या कामाला टिकाऊ. अडचण एकच, ती सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. १६०० वॉटची मोटर २००० वॉटच्या जनरेटरवर किंवा पॉवर स्टेशनवर (प्लग असलेली मोठी फिरती बॅटरी) उचलली जाईलच असं नाही. विकत घेण्याआधी तुमच्याच मशीनला जोडून, ट्रिगर चारपाच वेळा सोडून-दाबून बघा.

बॅटरी पॉवर स्टेशनचा हिशेब असा. १६०० वॉट आणि ८ मिनिटं ट्रिगर, म्हणजे सुमारे २१५ वॉट-तास. मध्ये वाया जाणारी वीज धरून २५० म्हणा. १००० वॉटचा व्हॅक्यूम १० मिनिटं चालवला की वाया जाणारी धरून आणखी २०० च्या आसपास. म्हणजे एका गाडीला ४५० आणि चार गाड्यांना १८००. हे गणित ट्रिगर सोडला की मोटर बंद होणाऱ्या मशीनचं आहे. वॉशर आणि व्हॅक्यूम एकाच वेळी चालवू नका.

गिऱ्हाइकाच्या प्लगवर काम असेल तर ३० मिलिअँपियरचं गळती-संरक्षण (करंट गळायला लागला की वीज तोडणारं उपकरण) स्वतःचं न्या, त्यांच्याकडे आहे असं धरून चालू नका. आणि एक्स्टेन्शनची रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेली केबल भाराखाली तापून वितळते.

फेसाळ

बॅटरीच्या गनबद्दल राहिलं. २० ते २५ बार दाब असतो. बादलीतून पाणी ओढते, हलकी धूळ आणि शेवटचं खंगाळणं छान होतं. चाकांच्या कमानीतला वाळलेला चिखल मात्र तिला हलत नाही आणि दाट फेसही मिळत नाही. दुसरं हत्यार म्हणून ठेवा, एकटीवर धंदा नको.

ओला फडका

थोडं वेगळं मत मांडते. तळघरात पाणी जाणार कुठे? निचरा नसेल तर फेसाचं पाणी शेजारच्या गाडीखाली पसरतं आणि पुढच्या वेळी तुम्हाला आत घेत नाहीत. माझी तळघरातली सगळी कामं रिन्सलेस वॉशवर होतात, म्हणजे नंतर पाण्यानं खंगाळावं न लागणारं धुणं. १० ते १५ लिटर पाणी, आठदहा मायक्रोफायबर, आणि प्रत्येक पत्र्याला फडक्याची नवी घडी. पुसण्याआधी स्प्रेनं आधी भिजवायचं, हे टाळलं तर ओरखडे पडणारच.

चिखलानं माखलेली गाडी मात्र मी अशी धूत नाही. ती उघड्यावर आणायला सांगते, नाहीतर नाही म्हणते.

नवी व्हॅन

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जुन्या मालकांच्या परवानगीनं तीन गाड्यांवर घड्याळ लावलं. ट्रिगर चालू होता ७, ८ आणि चिखलाच्या गाडीला १२ मिनिटं. मिनिटाला ६.५ लिटर धरले तर ४६, ५२ आणि ७८ लिटर. तिन्ही मिळून २०० लिटरच्या खाली येतील असं मी धरलंच नव्हतं.

आता ठरवलंय ते असं: १२० बारच्या आसपासचं इंडक्शन मोटरचं मशीन, पडदे असलेली २५० लिटरची टाकी, २००० वॉट-तासांचं पॉवर स्टेशन (मोटर जोडून बघितल्यावरच), आणि तळघरासाठी रिन्सलेस. एकच शंका आहे. नळाऐवजी टाकीतून मशीनला पाणी देताना काही वेगळं करावं लागतं का?

टाकीवाला

लागतं. काही मशीन नळाच्या दाबावरच चालतात, म्हणून टाकीतून पाणी ओढतं असं माहितीपुस्तिकेत लिहिलेलंच घ्या. टाकीतून पाणी बाहेर पडायचं तोंड पंपापेक्षा वर ठेवा. पाइप जाड, आखूड आणि आत चिमटणार नाही असा कडक हवा, मध्ये जाळीची गाळणी. पाणी कमी पडलं की पंप खडखडतो आणि धार तुटक येते. तसा आवाज आला की लगेच बंद करा, कारण कोरडा पंप काही मिनिटांत सील जाळतो. पहिल्यांदा सुरू करताना ट्रिगर दाबून पाइपातली हवा आधी जाऊ द्या.

तारमास्तर

आणि लांबी हवी असेल तर दाबाचा पाइप लांब घ्या, मशीनपर्यंतची विजेची केबल आखूडच ठेवा. १५ मीटर पाइप घेतलात तर व्हॅन न हलवता गाडीभोवती फिरता येतं.