इम्प्लांटची तार रोबोट आत ढकलणार म्हणे, कोणाला माहिती आहे का?

शिकागोचा_सातारकर
नमस्कार मंडळी, वय ४६, डाव्या कानाला कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात तार घालून ऐकण्याच्या नसेला विजेचे संकेत देणारं यंत्र) ठरलंय. हिअरिंग एडने आवाज मोठा होतो पण शब्द कळत नाहीत, भात म्हणाले की हात, हे तोंडाकडे बघितल्याशिवाय समजत नाही. खालच्या पट्टीतलं ऐकू येणं थोडं शिल्लक आहे, ट्रकची घरघर, बायकोने आपटलेलं दार वगैरे ;) ते टिकावं म्हणून सर्जन आयोटासॉफ्ट नावाचा रोबोट वापरू म्हणतायत. तो नक्की करतो काय? आई म्हणतेय मशीनच्या हातात डोकं देऊ नकोस, सरळ पुण्याला ये.

कानाचा_डॉक्टर
आईंना सांगा डोकं सर्जनच्याच हातात असतं. कानामागचं हाड ड्रिल करायचं, चेहऱ्याची नस सांभाळत मधल्या कानातून कॉक्लिआपर्यंत (आतल्या कानाचा ऐकण्याचा भाग) पोचायचं, हे सगळं माणूसच करतो. आयोटासॉफ्ट म्हणजे अंगठ्याएवढं मोटरचं युनिट, ते कवटीला स्क्रूने बसवतात आणि मग ते इलेक्ट्रोडची तार आत सरकवतं, सेकंदाला ०.१ मिमी इतकी हळूसुद्धा. हात कितीही स्थिर असला तरी सेकंदाला एक मिमीच्या खाली सलग एकसारखा वेग ठेवणं फार अवघड. आणि वेग का महत्त्वाचा, तर कॉक्लिआ ही अडीच वेढ्यांची गोगलगाय, आत द्रव भरलेला, तार भसकन गेली की दाब वाढतो, नाजूक पडदे दुखावतात अन् उरलंसुरलं ऐकू येणंही जातं. अमेरिकेत औषधं-उपकरणं तपासणाऱ्या एफडीएने २०२१ मध्ये मंजुरी दिली. पण ऐकू येणं टिकेलच असं लिहून देणारा सर्जन भेटला तर सर्जन बदला.

ड्रिल करणारा रोबोट वेगळा, तो स्वित्झर्लंडच्या बर्नचा हिअरो. सीटी स्कॅनवर मार्ग आखून साधारण १.८ मिमीचा बोगदा पाडतो.

पत्र्याचा_चहा
माझं हातानेच झालं, दीड वर्षापूर्वी. तुम्हाला कोणी सांगणार नाही म्हणून सांगते, दोन महिने चहा पत्र्याच्या डब्यातला लागायचा! चवीची नस ड्रिलच्या वाटेवरच असते म्हणे, म्हणजे तुमच्या या रोबोटने त्यात फरक पडायचा नाही. आणि इम्प्लांट चालू केलं त्या दिवशी नवरा बोलला तर डब्यात वाटाणे हलवल्यासारखं ऐकू आलं, मी घाबरून रडले, शब्द सुटे व्हायला चार-पाच महिने गेले.

नाशिकचा_बाबा
आमच्या लेकीचं एडीआयपी योजनेतून झालं (दिव्यांगांना उपकरणं देणारी केंद्र सरकारची योजना), रोबोट-बिबोट काही नाही. ऑपरेशन एका सकाळचं होतं हो, नंतरचं मॅपिंग (इम्प्लांटचे आवाज कानाला जुळवून घेणं) आणि स्पीच थेरपी दोन वर्षं चाललीय. रोबोटपेक्षा तुमचा ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे हे मॅपिंग करणारा, कोण ते आधी विचारा.

शिकागोचा_सातारकर
धन्यवाद सगळ्यांना. डॉक्टर, अजून एक, सर्जनला नेमकं काय विचारू?

कानाचा_डॉक्टर
तार सरळ घालणार की आधीच गोलाई दिलेली ते विचारा, कारण हे यंत्र सरळ तारेसाठी आहे. तुमच्या कानाला गोल तार बरी असं त्यांचं मत असेल तर रोबोटसाठी हट्ट धरू नका. आणि हे यंत्र त्यांनी स्वतः किती वेळा वापरलंय तेही विचारा, लाजू नका.

शिकागोचा_सातारकर
मंगळवारी अपॉइंटमेंट आहे, विचारतो. आईला अंगठ्याएवढं आहे सांगितलं तर म्हणाली एवढंसंच आहे होय, मग घे करून.