चित्तसमाधान आणि द्रव्याचा लोभ : आपले अनुभव लिहा

चित्तसमाधानासह भक्ती हा मोठाच लाभ आहे, असे सांगून बायबलमधील पत्रात प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला द्रव्याच्या लोभाविषयी इशारा देतो. हा लोभ स्वतःच्या नावाने क्वचितच येतो. मुलांचे भवितव्य, मंडळीचे, म्हणजे चर्चचे, काम अशी प्रतिष्ठित कारणे पुढे करून तो घरात शिरतो, असे मला वाटते. म्हणून येथे प्रवचने न लिहिता प्रत्यक्ष पाहिलेले लिहावे, ही विनंती.

वसईहून : आमची केळीची वाडी विकली गेली, याचा दोष मी कोणालाही देत नाही, कारण विहिरीचे पाणी खारट होत चालले होते आणि राबायला माणसे मिळत नव्हती. त्रास पुढे सुरू झाला. माझे सासरे आणि त्यांचे धाकटे भाऊ रविवारी एकाच बाकावर बसून मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, ऐकत असत. रक्कम बँकेत आल्यावर वाटणीवरून इतके बिनसले की, मिस्सामध्ये परस्परांना शांती देण्याची वेळ टळावी म्हणून धाकट्यांनी पहाटेची मिस्सा धरली. दोघांनाही काही कमी नव्हते. उसन्या तांदळावर एकत्र दिवस काढलेली हीच माणसे होती. चर्च मात्र दोघांपैकी कोणीही चुकवले नाही, आणि मला भीती वाटते ती याचीच.

पुण्याहून : आमच्या मंडळीत आलेल्या एका पाहुण्या वक्त्यांनी विश्वासाने पेरल्यास शंभरपट मिळेल, असे सांगून अर्पण मागितले, तेव्हा एका विधवा भगिनीने भिशीचे सगळे पैसे दिले. पाळकांनी ते तिच्या घरी जाऊन परत केले आणि पुढच्या रविवारी नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायातली, दारिद्र्यही नको आणि श्रीमंतीही नको, ही आगूराची प्रार्थना वाचली.

अहिल्यानगर जिल्ह्यातून, निवृत्त परिचारिका : माझे म्हणणे काहींना कडू लागेल. मी ज्या संस्थेत नोकरी केली, तेथे पगार थकला की सकाळच्या प्रार्थनेत समाधानावर हमखास बोध होत असे. पौलाने फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या मंडळीला, बंदिवासातून समाधानाविषयी लिहिले, ते स्वतःच्या अडचणीबद्दल; ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली, तीही स्वतःची. दुसऱ्याचे वेतन अडवून त्याला समाधान शिकवणे वेगळे. मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, असे याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात धनवानांना बजावले आहे. तो अध्याय आमच्या प्रार्थनेत कधी वाचला गेल्याचे मला आठवत नाही.