चढावर कट-ऑफ होणारा पॅक

तुमच्या इलेक्ट्रिक सायकलच्या बॅटरी पॅकमधले सगळे गट (समांतर जोडलेले सेल) फुल चार्जला ४.१८ व्होल्ट दाखवतात आणि तरी चढावर सायकल बंद पडते म्हणताय, म्हणजे लोड देऊन मोजायला हवं. माझ्या १३एस २पी पॅकचं (दोन-दोन सेलचे १३ गट एकामागे एक) सेम. मागचं चाक उचलून ब्रेक दाबत थ्रॉटल दिला: बाकीचे गट ३.४ व्होल्ट, सातवा ३.१. नवे सेल मागवणारच होतो, पण प्लॅस्टिकच्या पट्टीने सेल जोडणारी निकेलची पट्टी हलकेच उचलून पाहिली तर एका सेलचं वेल्डच सुटलेलं!

वेल्ड घट्ट असेल तर बॅलन्स कनेक्टर (प्रत्येक गटापासून बीएमएसला, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटला, जाणाऱ्या बारीक वायरींचा प्लग) काढून पॅक आठवडाभर ठेवा. तरीही त्याच गटाचा व्होल्टेज उतरला तर सेल आतल्या आत आपोआप डिस्चार्ज होतोय. कनेक्टर लावल्यावरच उतरला तर दोष बीएमएसचा. २ व्होल्टखाली राहिलेला सेल मात्र परत चार्ज करू नका, आत तांबं विरघळून शॉर्ट होऊ शकतो.